गुरुवारचा जांभळा गुलाब

मी त्यांना पहिल्याच भेटीत बगळा म्हटलं, आणि तेही अगदी समोर उभं राहून. आता पन्नास वर्षं होत आली, तरी घरी कुणी नवीन माणूस आलं की हे ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नाहीत. म्हटलं, या वेळी मीच सांगते. निदान माझी बाजू तरी पुढे येईल.

१९७५चा डिसेंबर. माझे वडील रणोजीराव म्हैसूरच्या घोडेस्वार पोलिसांतून निवृत्त झाले होते आणि कुवेंपुनगरात आमचं नवं घर नुकतंच बांधून झालं होतं. घर झालं, पण आवार बोडकं. आमच्याकडे पणजोबांपासून सगळे घोड्यावर बसलेले, आधी महाराजांच्या फौजेत, मग पोलिसांत. त्यामुळे अप्पांना कुठलंही काम सावकाश करणं ठाऊकच नव्हतं. शेजारी म्हणाले, झाडं पावसाळ्यात लावा. अप्पा म्हणाले, तोवर मी काय रिकामं आवार बघत बसू? मी तेव्हा बावीस वर्षांची, एका विमा कंपनीत टायपिस्ट. शनिवारी माझं ऑफिस अर्ध्या दिवसानं सुटलं आणि आम्ही नंजनगूडच्या बसनं कडकोळच्या अलीकडे एका नर्सरीपाशी जाऊन उतरलो.

पाच वाजून गेले होते. थंडी अंगाला लागायला लागली होती, आणि पाणी मारलेल्या मातीचा वास सगळीकडे भरला होता. रोपांच्या रांगांतून एक उंच, काटकुळा तरुण पुढे आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि खाली चिखलात रुतलेले ते लांब पाय. तुम्हीच सांगा, दुसरं काय म्हणणार?

अप्पांनी कन्नडमध्ये आपली यादी सांगितली — सोनचाफा, करंज, कडीपत्ता. मला मात्र गुलाब हवा होता, आणि तोही निळा. ऑफिसातल्या कॅलेंडरवर मी तसा पाहिला होता. तो कन्नडमध्येच म्हणाला की निळा गुलाब कुठंच नसतो, ती छापखान्याची शाई. आहे तो हा, ब्लू मून. त्यानं दाखवलेलं फूल फिकट जांभळं होतं. शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजवर जांभळाचा डाग पडावा आणि आईनं धुऊन धुऊन तो जेवढा उरावा, तेवढाच रंग. मला तो एकदम आवडला. म्हणून मी वाकून वास घेतला... आणि काहीच नाही.

मी वैतागून अप्पांना मराठीत म्हटलं, "वास नाही म्हंजे कशाला गुलाब? कागदाचा आणला असता की. हा बगळा उगाच शहाणपण शिकवतोय."

त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यानं रोपं गोणपाटात नीट बांधली, अप्पांच्या हातात दिली, आणि मग माझ्याकडे न बघता स्वच्छ मराठीत म्हणाला, "संध्याकाळी ह्या फुलाला वास नसतो. सकाळी यायला पाहिजे, आठच्या आत. बगळा इथंच असतो."

अप्पा बसमध्ये घरी पोचेपर्यंत हसत होते. मी खिडकीबाहेर बघत बसले आणि माझे कान तापलेलेच राहिले.

माफी मागायला जाते, असं आईला सांगून मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं तिथं पोचले. आई म्हणजे सरस्वतीबाई, काही न बोलता सगळं ओळखणारी. तिनं फक्त माझ्या नव्या साडीकडे पाहिलं. नर्सरीत दंव अजून पानांवर होतं. त्यांनी माफी ऐकूनच घेतली नाही. फूल तोडलंही नाही. ती फांदी दोन बोटांनी हलकेच धरून माझ्या चेहऱ्यापर्यंत खाली आणली आणि म्हणाले, डोळे मिटा. अनोळखी माणसापुढे कोण डोळे मिटतं? पण वास आला तेव्हा ते आपोआप मिटले. आधी लिंबाच्या सालीसारखा काहीतरी ताजा वास, मग त्यामागून हळूच गोड... मी डोळे उघडले तर ते फुलाकडे बघत नव्हते.

"आहे वास?" त्यांनी विचारलं.

"आहे स्वल्प," मी म्हटलं. आमच्याकडे थोडंसं म्हणायला स्वल्पच म्हणतात. खरं तर मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं.

त्यांचं नाव गुरुराज. अग्रहारातले, म्हणजे ब्राह्मणांच्या जुन्या आळीतले, माध्व देशस्थ, वडील लहानपणीच गेलेले, घरी आई एकटी. शेतकीची पदवी घेऊन ते या नर्सरीचं काम बघत होते. म्हणाले, तुमचे लोक घोड्यावर बसून इकडे आले, आमचे त्यांच्यामागून पंचांग घेऊन. मी म्हटलं, मग आमच्या घोड्यांनी तुमची बरीच धूळ खाल्ली असेल. ते म्हणाले, "उलट की हो. धूळ आम्ही खाल्ली. पुढे तुम्ही होता."

गुलाबाचं रोप मात्र त्यांनी त्या दिवशी दिलं नाही. या गुलाबाला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली लागते, जागा बघून मीच येऊन लावीन, असं म्हणाले. थंडीत लावलेल्या झाडाला पाऊस मदतीला येत नाही, घरच्या माणसांनीच पाणी घालायचं असतं, तेव्हा ती माणसंही एकदा बघून घेतो. मी विचारलं, "सगळ्यांच्या घरी जाता का असं?"

"नाही," ते म्हणाले, आणि फांदी सोडून दिली.

इथवर सगळं गोड होतं. आता माझी चूक सांगते.

आमच्या घराण्यात गुलाबाचा खड्डा भरायची एक रीत होती. तळाला मटणाची हाडं, त्यावर घोड्याची लीद, मग माती. पणजोबांनी फौजेच्या लाइनीत असेच गुलाब वाढवले होते म्हणे, एकेक फूल वाटीएवढं. अप्पांनी तबेल्यातल्या जुन्या दोस्तांकडून लीद आणली, आणि रविवारच्या रश्शातली हाडं धुऊन आईनं बाजूला ठेवली. खड्डा मीच भरला. वर चार दगड ठेवले, कारण गल्लीतली कुत्री अशा बाबतीत फार हुशार.

पुढच्या गुरुवारी सकाळी गुरुराज सायकलच्या मागे रोप बांधून आले. आईनं कॉफी पुढे केली. स्टीलचा पेला हातात घेऊन ते जेमतेम एक श्वास थांबले, आणि मग सगळी प्यायले. तो एक श्वास मी पाहिला. अग्रहारातला मुलगा आमच्या घरात पहिल्यांदा काहीतरी घेत होता, हे मला कळत होतं. त्यामुळे अंगणात येऊन त्यांनी जेव्हा विचारलं, खड्ड्यात काय घातलंय, तेव्हा मी म्हटलं, लीद.

"आणि हे दगड?"

"कुत्री उकरतात."

"लीद उकरतात?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि मग गुडघ्यावर बसून रोप लावायला लागले. मी पाणी ओतत होते. मातीतले त्यांचे हात थांबले की माझाही तांब्या थांबायचा. एवढंच झालं त्या दिवशी. पण रात्री जेवताना मला कशाची चव लागली नाही.

पुढचे दिवस आठवले की अजून हसू येतं. गुलाबाला एवढी देखभाल लागत नाही हे मला आज माहीत आहे. तेव्हा मात्र आठवड्यातून दोनदा सायकलची घंटा वाजायची. आज पानांची खालची बाजू बघायची असायची, उद्या ज्या रानगुलाबावर कलम बांधलं त्याची फूट खालून तर आली नाही ना, ते बघायचं असायचं. छाटणीपासून पंचेचाळीस दिवसांनी फूल येतं, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मी ऑफिसातल्या त्याच कॅलेंडरवर रोज पेन्सिलीनं एक टिंब द्यायची. अप्पा वर्तमानपत्राआडून म्हणायचे, ह्या एका झाडाला म्हैसूरच्या राजवाड्यापेक्षा जास्त पहारा आहे. चेष्टा करायचे, पण सायकल आत घ्यायला फाटक स्वतः उघडायचे.

त्यांच्या आईबद्दल ते पुष्कळ बोलायचे. तुंगम्मा दर गुरुवारी सोवळ्यात राघवेंद्रस्वामींच्या तसबिरीची पूजा करायच्या आणि एक गुलाब वाहायच्या. बाजारातल्या गुलाबांना हल्ली वासच नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार. ऐकताना मला बरं वाटायचं, आणि खड्ड्यातली हाडंही आठवायची.

फेब्रुवारीत कळी धरली, आणि त्याच आठवड्यात सरगूरहून संताजीरावांचा निरोप आला. अप्पांचे लांबचे नातेवाईक. मुलगा एकुलता एक, वीस एकर शेत, दारात ट्रॅक्टर. शिवरात्रीनंतर मुलगी बघायला येतो म्हणाले. अप्पांना नाही म्हणायला काही कारण नव्हतं. कारण होतं ते माझ्यापाशी, आणि त्याला अजून कुणी तोंड फोडलं नव्हतं.

मी गुरुराजना सरगूरचं सांगितलं. कळीकडे बघत सांगितलं, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये. त्यांनी कळीखालचं एक पिवळं पान खुडलं. मग म्हणाले, "हे पहिलं फूल मला द्या. गुरुवारी अम्मा स्वामींना वाहील. तिला आवडणारच. मग मी सांगतो... कुणाच्या झाडाचं आहे ते. आणि बाकीचंही."

"बाकीचं काय?" मी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला हाडांचं सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फूल जाणार नव्हतं, आणि फूल गेलं नसतं तर सरगूर होतंच.

त्या गुरुवारी सकाळी सातला मी फूल तोडलं. अर्धं उमललेलं, पाकळ्यांच्या कडेला दंव. ओल्या केळीच्या पानात गुंडाळून मी ते फाटकापाशी त्यांच्या हातात दिलं. सायकल वळणावरून दिसेनाशी झाली.

दिवसभर मी टाइप केलेला प्रत्येक कागद चुकला. डोळ्यांपुढे एकच — न पाहिलेली ती बाई, सोवळ्यात, हात जोडून, आणि स्वामींच्या पुढे माझ्या मटणाच्या हाडांवर वाढलेलं फूल. शुक्रवारी मी रजा टाकली आणि पहिल्या बसनं नर्सरीत गेले. ते हौदाशी झारी भरत होते.

"त्या खड्ड्यात हाडं आहेत," मी म्हटलं. "मटणाची. मी तुमच्यापासून लपवलं."

त्यांनी झारी खाली ठेवली. "दगड पाहिले तेव्हाच कळलं होतं मला. लिदीसाठी कुठलं कुत्रं उकरतं?"

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. मग फूल नेता आलं नसतं." त्यांनी ओले हात पँटला पुसले. "अम्मानं ते डोळ्यांना लावलं, वनजा. मी बाजूला उभा होतो. तुला मिळवायचं म्हणून मी माझ्या आईला फसवलं."

पहिल्यांदाच ते मला तू म्हणाले, आणि हे असं. मला रडूही आलं आणि आतून कुठेतरी ऊब वाटली, दोन्ही एकदम. तुम्ही कधी प्रेमात पडला असाल तर सांगायला नको.

ते म्हणाले, अम्माला तुझ्याविषयी सांगून झालं आहे. ती रागावली नाही, हसलीही नाही. एवढंच म्हणाली, रविवारी ते झाड बघून येते. हाडांचं आता मीच तिला सांगतो. मी म्हटलं, नाही. खड्डा मी भरला, मी सांगेन.

घरी येऊन मी आधी अप्पांना सांगितलं, सगळं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आमच्या रीतीची लाज वाटली तुला?" आयुष्यात अप्पांना एवढं लागलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. त्या रविवारी आईनं मटण आणायचं नाही असं ठरवलं, आणि अप्पांनी कुरकुर केली नाही, तेव्हा कुठे माझा जीव जरा भांड्यात पडला.

तुंगम्मा नऊला आल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, चालताना पदर घट्ट धरलेला. घरात आल्या नाहीत; थेट झाडापाशी गेल्या. अप्पा आणि आई ओसरीवर उभे. गुरुराज फाटकापाशी, चेहऱ्याचा रंग उडालेला. मी पुढे झाले. अप्पांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "अम्मा, ह्या झाडाच्या तळाला मटणाची हाडं आहेत. आमच्याकडे गुलाब असाच लावतात. ती रीत वाईट नाही. तुमच्यापासून लपवलं, ते वाईट केलं."

तुंगम्मा वाकून झाडाच्या बुंध्याशी बघू लागल्या. कुणीतरी खोकलं, अप्पाच असतील.

"बाजारातल्या फुलाला मी कधी विचारलं नाही, तू कुठल्या मातीतलं म्हणून," त्या शेवटी म्हणाल्या. "पण आता कळलं. कळल्यावर मला हे चालायचं नाही." त्या पुढे बोलतच होत्या. "वास मात्र हाच पाहिजे. गुरू, नव्या कलमासाठी ह्याच झाडाचा डोळा काढता येतो की नाही? तर काढ. आणि तू ग, माझ्या परसात येऊन खड्डा खण. आत काय घालत्येस ते मला बघू दे. त्याला फूल आलं की बाकीचं बोलू."

अप्पांनी त्याच दिवशी सरगूरला पत्र टाकलं की मुलीचं चार महिने थांबावं लागेल. कारण लिहिलं नाही. गुलाबाला फूल यायचंय, असं कुठल्या बापाला लिहिता येईल?

ज्या दांडीवरचं फूल गुरुवारी गेलं होतं, त्याच दांडीवरून गुरुराजनी तीन डोळे, म्हणजे सालीसकट बारीक कोंब, काढले आणि नर्सरीतल्या तीन रानगुलाबांवर भरले. एक काळा पडला. आठवड्यानं दुसराही. तिसऱ्याकडे आम्ही दोघं रोज जाऊन बघायचो, बोलायचं काही सुचायचं नाही. तो हिरवा राहिला. मी अग्रहारातल्या त्यांच्या परसात कंबरेला पदर खोचून खड्डा खणला. तुंगम्मा पाटावर बसून बघत होत्या. निंबोळी पेंड, जुनं शेणखत, माती. लीद चालेल का, मी विचारलं. त्या विचारात पडल्या आणि म्हणाल्या, घोडा गवतच खातो ना, चालेल. पुढच्या आठवड्यात अप्पा स्वतः दोन पोती लीद सायकलरिक्षातून घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

फूल जूनच्या पहिल्या गुरुवारी उमललं. तुंगम्मांनी ते स्वामींना वाहिलं. पूजा झाल्यावर उचलून माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "केसात घाल." गुरुराज परसाच्या दारात उभे होते. मला गजऱ्याचा आकडासुद्धा सापडेना.

लग्नानंतर त्या बावीस वर्षं आमच्याबरोबर होत्या. दर गुरुवारी परसातल्या झाडाचं फूल. कुवेंपुनगरला अप्पांकडे आल्या तरी त्या झाडाच्या बाजूनंसुद्धा जायच्या नाहीत, आणि मीही कधी काही म्हटलं नाही. मटणाची हौस मी माहेरी जाऊन भागवायची. त्यांना ते माहीत होतं, आणि परत आल्यावर त्या मला फक्त आंघोळ करायला सांगायच्या.

पंधराव्या वर्षी, ऐन थंडीत, परसातलं झाड गेलं. मुळांना काहीतरी लागलं. यांनीही खूप केलं. पुढच्या गुरुवारी मी पिशवी घेऊन बाजारात निघाले. त्या पाटावर बसून गंध उगाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाजारात कशाला? तुझ्या अप्पांच्या आवारातलं आण."

मला वाटलं, वयानं विसरल्या. मी हळूच म्हटलं, "अम्मा, ते झाड... त्याच्या खाली..."

"मला ठाऊक आहे काय आहे ते," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं तुझ्या हातचं खाऊन झालं माझं. स्वामींनाही तुझ्याच हातचा नैवेद्य. आता फुलापाशी काय अडायचं? जा, आठच्या आत जा. मग वास जातो."

मी रिक्षानं गेले. अप्पा तोवर थकले होते, काठी टेकत फाटकापर्यंत आले. मी काय न्यायला आले ते सांगितलं तेव्हा त्यांनी काठी माझ्याकडे दिली, आणि फूल त्यांनी स्वतः तोडलं.

आता अप्पाही नाहीत, तुंगम्माही नाहीत. आम्ही कुवेंपुनगरच्या घरात राहतो. सोनचाफा दुमजली झाला आहे, आणि त्याच्या सावलीत, सकाळचं ऊन मिळेल अशा जागी, त्याच गुलाबाचं चौथं की पाचवं कलम आहे. या डिसेंबरात यांनी नवं लावलं. गुडघे दुखतात म्हणून स्टुलावर बसून लावलं, आणि मी तांब्यानं पाणी घातलं. खड्ड्यात काय घातलं ते मी विचारलं नाही. आज पहाटे त्याला पहिलं फूल आलं. मी बाहेर आले तेव्हा बगळा दोन बोटांनी फांदी खाली धरून उभा होता, माझी वाट बघत. मी डोळे मिटले.